मंगलाष्टकाच्या खालची ओळ

काजं करता करता मला कविता सुचायची असं सांगितलं की हल्ली लोक हसतात. हसा बापडे. आमचं शिंप्याचं घर. दादाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, रस्त्याकडे फळ्यांचं दार, आत एक मशीन, आणि मागच्या पडवीत मी. दादानं सदरे, कोट शिवायचे आणि त्यांची काजं-बटणं मी करायची. सोलापुरात तेव्हा गिरणीच्या भोंग्यावर सगळ्यांचे दिवस चालायचे. पहिल्या भोंग्याला चूल पेटायची, पुढच्याला दादा दुकानाची फळी काढायचा, आणि मग माझ्या मांडीवर जो सदरा येऊन पडायचा तो उन्हं उतरेपर्यंत एकामागून एक पडतच राहायचा. हात गुंतलेले आणि डोकं रिकामं. अशा वेळी बाईमाणूस गाऱ्हाणी घोळवत बसतं. मीही घोळवली, लई घोळवली, पण गाऱ्हाण्याला सुद्धा चाल लागली की जरा बरं वाटतं हे मला तिथंच कळलं.

शाळा मी पाहिली ती बाहेरून. अक्षरं शिकले कापडावरून. ताग्याच्या टोकाला गिरणीचा छाप असायचा, वाघ नाहीतर कमळ, आणि खाली निळ्या शाईत कापडाचं नाव, किती वार, कुठलं गाव. दादा तागा उलगडायचा आणि मी विचारायची, हे काय, ते काय. 'सोलापूर' हा मी वाचलेला पहिला शब्द. त्यामुळं झालं काय, की बरेच दिवस मला 'स' एकटा दिसला तर ओळखूच यायचा नाही, त्याला काना-मात्रा हवीच असं वाटायचं. दादा म्हणायचा, "अगं, उघडा हाय म्हणून काय झालं, स तो सच." मग हातात येईल तो कागद वाचत गेले.

लग्न माझं लहानपणीच झालं होतं. नांदायला पाठवायचं ठरत होतं तेवढ्यात तिकडं तापाची साथ आली आणि माझा नवरा गेला. त्याचा चेहरा मला नीटसा आठवत नाही, हे लिहायला बरं वाटत नाही, पण नाही आठवत. मी दादाकडंच राहिले ती कायमची. दादानं कधी माझ्या पानात वाढताना हात आखडला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात तो वाईट दिसेल, आणि तो वाईट नव्हता.

वहिनीला पहिली मुलगी झाली आणि त्या बाळंतपणात तिनं अंथरूण धरलं ते दोन वर्षं. पोर वाढली माझ्याकडं. एका मांडीवर सदरा, एका मांडीवर ती. सुईला हात लावू नये म्हणून मी तिच्या हातात बटणांची माळ द्यायची आणि तोंडानं काहीबाही म्हणत राहायची. पुढं वहिनी उठली, घर सावरलं, पण पोर झोपेत घाबरली की माझ्याच अंथरुणात यायची. वहिनीनं त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. "वन्सं, तुमचीच हाय ती, मी आपली वाहून आणली," म्हणायची.

आता मंगलाष्टकांचं सांगते.

मंगलाष्टकं मी कायम भिंतीपलीकडून ऐकली. माझ्यासारखीनं मांडवात उभं राहायचं नसतं. लग्न कुणाचंही असो, मी मागच्या दारी, भांड्यांपाशी. पण आवाजाला कोण अडवणार? त्या चालीला काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. लई पुढं छापखान्याच्या काकांनी नाव सांगितलं, ते इतकं लांबलचक आणि वाघासारखं गुरगुरणारं निघालं की मला हसूच आलं. मला एवढंच कळलं होतं की बारा अक्षरं झाली की गाणारा दम खातो आणि मग सात म्हणतो. काजाला टाके घालताना मी तसंच धरायची. बारा टाके, दोरा ओढायचा, मग सात. लांब अक्षराला दोरा जरा ताणायचा, आखूड असलं की लगेच सुई खाली. ओळ अडली की काजही वाकडं यायचं. दादा कोटाचं काज बघून पुढच्या खोलीतून ओरडायचा, "आज जमंना वाटतं कविता!"

पहिल्यांदा केली ती गल्लीतल्या एका मुलीसाठी. तिच्या वडिलांना मंगलाष्टकं करून देणारे मास्तर ऐन वेळी आजारी पडले. दादा सहज म्हणाला, आमची काहीतरी म्हणत असते, विचारून बघा. मी केली. लोकांना आवडली. मग काय, लग्नसराई आली की आमच्या दुकानात कापडाबरोबर व्याह्यांची नावंही मापाला येऊ लागली. हे काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं बरं का. वराच्या आईचं नाव आलं पाहिजे, मुलीच्या मामाचं आलं पाहिजे, नाही आलं तर मामा रुसणार. एकाच्या आजोबांचं नाव असं होतं की ते कुठल्याच ओळीत बसेना. पुढून घातलं तर मागून पाय बाहेर, मागून घातलं तर डोकं बाहेर. तीन सदरे झाले तरी बसेना. शेवटी मी 'कुलदीप' म्हणून मोकळी झाले. तर ते आजोबा स्वतः दुकानात येऊन विचारतात, "कुलदीप कोण वो? आमच्यात न्हाय कुनी त्या नावाचा." दादानं मशीनवर डोकं ठेवलं आणि हसत सुटला.

तेव्हा मंगलाष्टकं पातळ गुलाबी कागदावर छापून मांडवात वाटायची चाल होती. वर गणपती, मग दोन्ही घरांची नावं, मग अष्टकं, आणि सगळ्यात खाली बारीक टायपात ज्यानं केली त्याचं नाव. लोक कागद घरी नेत, कोनाड्यात ठेवत. इतरांच्या कागदावर खाली कुणा मास्तरांचं, कुणा वकिलांचं नाव असायचं. माझ्या कागदावर असायचं 'एक हितचिंतक'. हे असं कुणी बसून ठरवलं नव्हतं. पहिल्या वेळी छापखान्याच्या काकांनी विचारलं, खाली काय घालू? दादानं जरा विचार केला आणि म्हणाला, हितचिंतक घाला. तेच पुढं चालू राहिलं. विधवेनं रचलेली मंगलाष्टकं कुणी आपल्या लेकीच्या डोक्यावर म्हणू दिली नसती. गल्लीला माहीत होतं सगळं. माहीत असणं वेगळं आणि छापणं वेगळं.

आणि मान द्यायची रीत होती तिची तर आणखीच गंमत. अष्टकं करणारा पुरुष असला तर टोपी-उपरणं, बाई असली तर खणानारळानं ओटी. माझी ओटी कोण भरणार? मग वहिनीला पाटावर बसवायची. तिला कुंकू, तिच्या पदरात नारळ, खण. मी आतल्या दारातून बघायची. पहिल्या वेळी वहिनीला रडूच आलं. "वन्सं, मला मेलीला लाज वाटती वो. केलं तुमी आन् घेती मी."

"लाजू नका," मी म्हटलं. "फक्त खण निवडायला सांगितला तर हिरवा घ्या. पोरीला चोळी होईल."

असे कितीतरी हिरवे खण पोरीच्या अंगाला लागले. ती चौथीपर्यंत शाळेत गेली. एक दिवस तिच्या मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नातला कागद घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली.

"आत्या, हा हितचिंतक कोण गं?"

"असेल कोणीतरी."

"तूच की! परवा कोटाला काजं करताना हेच म्हणत होतीस."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तिनं तो काढला आणि विचारलं, "मग तुझं नाव का नाही?" पोर लहान होती. काय सांगणार? म्हटलं, नाव ओळीत बसत नाही. तिला ते पटलं नाही. तिनं बोटांवर माझ्या नावाची अक्षरं मोजली आणि म्हणाली, "बसतंय की."

ती पंधरा-सोळाची झाली आणि कुंभारीकडचं स्थळ आलं. माणसं बरी. मुलगा गिरणीत घडी खात्यात कामाला, घरी थोडी शेती. त्या घरचा थोरला मुलगा मागच्याच वर्षी विहिरीत काम करताना गेला होता, त्याची बायको घरातच होती. ठरलं. तसं पोरीनं दादासमोर येऊन सांगितलं, "माझ्या लग्नात मंगलाष्टकांखाली आत्याचं नाव छापायचं. हितचिंतक नको. नाहीतर मंगलाष्टकंच नकोत."

वहिनी म्हणाली, "अगं, व्याही काय म्हणतील?"

"त्यांना काय कळतंय कुणाचं नाव ते? ते तर आत्याबाईच म्हणतात. कागदावर नुसतं नाव. बाईमाणूस कुणी एक."

दादा सुईत दोरा ओवत होता. वर न बघता म्हणाला, "छापू की. पोर म्हणती तर."

आता खरं सांगते, मला पाहिजे होतं. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले होते की नावाचं काय एवढं, लोक गातात हे पुरे. पण पोर बोलली आणि ते समजावणं पुरेना. दुसऱ्या कुणाच्या कागदावर नको होतं मला. या एकाच कागदावर, हिच्याच, माझं नाव पाहिजे होतं. दुसरं काही मी त्या लग्नाकडं मागितलं नाही.

ती अष्टकं करायला मला जितका वेळ लागला तितका कशालाच लागला नाही. एरवी मी जुळलेलं पुन्हा उसवत नसे. ही किती वेळा उसवली. पहिलं कडवं असं सुरू व्हायचं:

आली लेक सजून मांडवतळी, पाहे घराला पुन्हा

एवढी ओळ झाली आणि पुढं सरकेनाच. ती खरंच घराकडं वळून बघेल आणि मी तेव्हा कुठं असेन, तर भांड्यांपाशी. ते मनात आलं की सगळंच थांबायचं. मग उठून पाणी भरायची, भाकरी थापायची, वहिनीशी उगाच भांडायची. शेवटचं कडवं मात्र एका दमात आलं, दादाच्या मशीनचा आवाज ऐकता ऐकता:

जोडी ही टिकु दे जशी शिवण ती, कुर्यात् सदा मंगलम्

कागद घेऊन मी आणि पोर छापखान्यात गेलो. काका म्हणजे म्हातारे गृहस्थ, दिवसभर खिळे जुळवून बोटं काळी, पण बोलणं मऊ. त्यांनी सगळं उभ्यानं मोठ्यानं वाचलं. शेवटच्या ओळीवर थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, हे शिंप्याच्या घरचं आहे हे कुणी सांगायला नको." मग पोरीनं त्यांना खालची ओळ दाखवली. काकांनी ती वाचून मान हलवली.

दोन दिवसांनी प्रूफ आलं. खाली माझं नाव होतं. नुसतं नाव. मी ते बघत बसले. इतका वेळ बघितलं की अक्षरं परकी वाटायला लागली, कुणा दुसऱ्याच बाईची. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती तेवढी दुरुस्त केली आणि कागद परत पाठवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड गाड्या जुंपून आलं. गल्लीत मांडव. लग्नादिवशी सकाळी छापखान्यातून गठ्ठा आला, सुतळीनं बांधलेला. घाई इतकी की कुणी तो उघडून बघितला नाही. अक्षतांबरोबर वाटायचा म्हणून तसाच मांडवात गेला. मी मागच्या दारी पुऱ्यांची कणीक मळत होते.

पुढचं मला वहिनीनं सांगितलं, काही मी भिंतीपलीकडून ऐकलं. नवऱ्या मुलाचे मामा मास्तर होते. वऱ्हाडातल्या बायकांना वाचता येईना, म्हणून ते हौसेनं कागद मोठ्यानं वाचायला लागले. गणपतीपासून सुरू केलं. बायका ऐकतायत, आपल्या घरची नावं आली की हसतायत, एकमेकींना ढोसतायत. मामा वाचत वाचत खालपर्यंत आले आणि त्याच सुरात त्यांनी वाचलं, "रचना, गंगाभागीरथी..." आणि पुढं माझं नाव.

काकांनी नावामागं गं. भा. घातलं होतं. प्रूफ परत गेल्यावर. सवाष्णीला सौ. लावायचं, आमच्यासारखीला गं. भा. लावायचं, ही मानाची रीत. छापखान्यात वर्गणीच्या याद्या छापताना ते असंच छापत. माझं नाव त्यांना उघडं दिसलं असणार आणि मनाला लागलं असणार. इतक्या वर्षांची ओळख, बाईचं नाव पहिल्यांदा छापतोय, तर नीट मानानं छापावं. यात त्यांची चूक अशी काय काढणार?

मग विहीणबाईंचा आवाज आला.

"काय वाचलंस रे भाऊ? पुन्हा वाच."

मामांनी पुन्हा वाचलं, पण या वेळी हळू.

"म्हंजे रांडमुंड बाईनं केलंय व्हय हे? आन् हे माझ्या लेकाच्या डोक्यावर म्हणायचं?"

दादा म्हणाला, "माझी बहीण हाय वो विहीणबाई. पोरीला तिनंच वाढवलंय."

"वाढवू द्या की. मी न्हाय म्हणती का? पण माझ्या घरात एक पांढरं कपाळ बसलंय, तुमाला ठावं हाय. रोज सकाळी उठून ते बघती मी. दुसरं मला बघायचं न्हाय. तुमी मला काय वाईट म्हणायचं ते म्हणा."

त्या रडत होत्या. मला कणीक मळता मळता ते ऐकू येत होतं. राग यायला पाहिजे होता. पण ज्या पांढऱ्या कपाळाचं त्या बोलत होत्या ती बाई तिकडं कुंभारीत एकटी घरी ठेवलेली असणार, दिराच्या लग्नाला सुद्धा आणली नसणार. माझ्या मनात तीच आली.

मामा मधे पडले. "अक्का, शब्द चांगले हायत गं. शब्दांना काय झालंय? लोकांनी ऐकलेत, आवडलेत. मुहूर्त जवळ आलाय, आता दुसरं कुठून आणायचं?"

बराच वेळ गलका. मग विहीणबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या शब्द. नाव काढा. नाव काढा आन् मग काय म्हणायचं ते म्हणा."

सगळ्यांना हायसं वाटलं, मला भिंतीपलीकडून कळलं ते. लोक लगेच बोलायला, हसायला लागले. वाजंत्री पुन्हा सुरू झाली.

दादा मागच्या दारी आला. एका हातात कागदांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात दुकानातली मोठी कात्री. नुसता उभा राहिला. त्याच्या फेट्याचं टोक सुटलं होतं.

"दे इकडं," मी म्हटलं.

"अगं, मी करतो."

"तुझं लक्ष नाही. वाकडं कापशील."

मी हात धुतले, पुसले. कागद चौरंगावर घेतले, कडा जुळवल्या, कोटाचं कापड धरतात तसे दाबून धरले आणि खालची पट्टी कापायला लागले. पातळ कागद, कात्री आवाज न करता चालली. एक चवड झाली की दादा दुसरी पुढं करायचा. आम्ही दोघं आयुष्यभर असंच काम करत आलो होतो, त्यामुळं लई वेळ लागला नाही. गुलाबी पट्ट्या खाली पडत होत्या आणि प्रत्येक पट्टीवर मी होते. वहिनी आली, तिनं बघितलं, सगळ्या पट्ट्या ओंजळीनं गोळा केल्या आणि चुलीत घातल्या. "पायदळी यायला नकोत," एवढंच म्हणाली.

काकाही लग्नाला आले होते. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. मागच्या दाराशी येऊन उभे राहिले, टोपी हातात.

"ताई, मी मान म्हणून घातलं हो. नुसतं नाव बरं दिसेना."

"काका, तुमचं काही चुकलं नाही. जा, पुढं बसा. मुहूर्ताची वेळ झाली."

मग मंगलाष्टकं झाली. म्हणणाऱ्याचा गळा चांगला होता. जिथं दम खायचा तिथंच खाल्ला. 'पाहे घराला पुन्हा' म्हटलं तेव्हा मांडवात बायका मुसमुसल्या, ते ऐकलं. 'शिवण'वर कुणीतरी वा म्हणालं. मी पुऱ्या तळत होते. तेल तापलं होतं, सोडून उठता येत नव्हतं.

पाठवणीच्या आधी पोर मागं आली. अंगभर हळद, मुंडावळ्या एका बाजूला घसरलेल्या. हातात कापलेला कागद.

"कुणी कापलं हे?"

मी कढई खाली उतरवली.

"बाबांनी?"

"मी कापलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं गळ्यात पडेल. आम्ही दोघी रडू, आणि मग ती जाईल, असं मी धरून चालले होते.

"तू? तुझ्या हातानं?"

"अगं, मुहूर्त टळत होता. तुझं लग्न मोडून मला नाव काय करायचंय?"

"मला कुणी विचारलं? पाटावर मी बसले होते. मी उठले असते, आत्या. खरंच उठले असते."

"म्हणूनच नाही विचारलं."

"मी तुझ्यासाठी मागितलं असं वाटलं तुला? मी माझ्यासाठी मागितलं होतं." तिनं कागदाची घडी केली, चुरगळली नाही. नीट घडी केली आणि माझ्याजवळ चुलीपाशी ठेवली. "हा हितचिंतकाचा कागद तुलाच ठेव."

पाया पडली ती, रीत म्हणून. मग गेली. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी दारामागून बघितलं. तिनं घराकडं मागं वळून बघितलं नाही. माझी ओळ खोटी ठरली.

त्यानंतरही लोक अष्टकं मागायला येत. एक-दोन वर्षं केली, हितचिंतक म्हणूनच. गल्लीत सगळे माझ्याशी जरा जास्तच गोड बोलू लागले होते, ते मला नको वाटायचं. कधी ओळ अडली की वाटायचं, बरं झालं अडली.

पोर बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं. ती बोलायची माझ्याशी, नाही बोलायची असं नाही. तेल कुठं आहे, पाणी तापलं का. पूर्वीसारखं पडवीत येऊन बसायची नाही. मी तिच्यासाठी पाळणा करत होते. सांगितलं नव्हतं कुणाला, पण करत होते, ती दिवसात असल्याचा निरोप आला तेव्हापासून. मंगलाष्टकांपेक्षा पाळणा सोपा, चाल सैल असते. आणि तो चांगला झाला होता. मी केलेल्या सगळ्यात तो चांगला होता असं मला आजही वाटतं.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. विहीणबाई आल्या, टोपरं, झबली, डिंकाचे लाडू घेऊन. मागच्या दारी माझ्याकडं स्वतः आल्या. "आत्याबाई, लई बारीक झालासा वो. जेवता की न्हाई?" माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या मनात काही उरलं नव्हतं. माणूस असंच असतं.

बायका जमल्या. पाळणा सजवला. मी आतल्या दाराशी उभी होते, चौकटीच्या अलीकडं. विहीणबाईच म्हणाल्या, "म्हणा की गं कुनीतरी पाळणा. लग्नात किती छान म्हटलं होतं! तसलं काय केलंय का ह्या खेपेला?"

आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. कळून बघितलं. जणू म्हणत होत्या, करा की, मी काय न्हाय म्हणती का.

बाजेवरून पोर म्हणाली, "असेल की. पण कुणी केलाय त्याचं नाव आधी सांगायचं. मोठ्यानं. मग म्हणायचा."

विहीणबाईंनी पदर सारखा केला. वहिनी माझ्याकडं बघायला लागली. पोरही बघत होती. मी बोलले असते तर काय झालं असतं? कदाचित काहीच झालं नसतं. विहीणबाई तोंड फिरवून बसल्या असत्या, दोन महिने कुरकुरल्या असत्या. पण समोर पाळण्यात ते बारा दिवसांचं लेकरू, आणि पुढं त्याला साधा ताप आला तरी त्या घरात काय बोललं जाईल ते मला ऐकू येत होतं. आणि बोलणी खाणार माझी पोर. मी नाही.

"नाही बाई," मी म्हटलं. "मी काही केलेला नाही. नेहमीचाच म्हणा."

शेजारच्या काकूंनी नेहमीचा म्हटला. बायकांनी धरला. घुगऱ्या वाटल्या.

सगळ्या गेल्यावर खोलीत धुरीचा वास आणि त्या दोघी मायलेकी. मी बाळाची दृष्ट काढलेल्या मिठाच्या पाण्याचं भांडं उचलायला गेले.

"होता ना?" तिनं विचारलं.

"होता."

"मग आता म्हण. इथं कोण आहे? माझ्यापुढं म्हण. पण आधी नाव सांग. हिला सांग."

"हिला काय कळतंय?"

"मला कळतंय."

मी तिथं उभी राहिले. नाव सांगायचं, एवढंच. माझंच. पण बारा दिवसांच्या जिवाच्या कानाशी ते सांगायचं म्हटलं आणि मला सांगवेना. विहीणबाईंना मी जे बोलू दिलं नव्हतं ते माझ्याच मनात होतं, हे मला तेव्हा कळलं. मलाही भीती वाटत होती. माझ्याच नावाची.

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. पोरीनं उठायचा प्रयत्न केला, तिला उठवेना. "घे तिला जरा," म्हणाली. मी घेतलं. खांद्यावर धरून खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. पाळण्याचं पहिलं कडवं तोंडाशी येऊन थांबलं होतं, चालीसकट. मी ते बाहेर येऊ दिलं नाही, नुसती थोपटत राहिले. ती बाजेवर पडून बघत होती, मी काही म्हणते का. बाळ हळूहळू गप्प झालं. मग तिनं भिंतीकडं तोंड केलं.